चवींच्या जोड्या शिकवणारा ऑनलाइन कोर्स: चार्ट राहू दे, वाट्या मांडा

रेसिपी समोर असली की स्वयंपाक बरा होतो, पण फोन बाजूला ठेवला की कशात काय घालावं ते सुचत नाही, अशा माणसांसाठी 'फ्लेवर पेअरिंग' शिकवणारे ऑनलाइन कोर्स हल्ली ढिगाने निघालेत. त्यातला एक मी घेतला आणि शेवटपर्यंत केला. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एकतर पुढे मी भरपूर कुरकुर करणार आहे, आणि दुसरं म्हणजे या साच्यातले सगळे कोर्स एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, एक पीडीएफ वर्कबुक, कशाशी काय जुळतं ते दाखवणारा एक भला मोठा रंगीत चार्ट आणि अधूनमधून लाइव्ह सेशन. तुम्ही दुसरा कुठला घेणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधीच सांगून टाकते. जाहिरातीत ज्याचा एवढा गाजावाजा केलाय तो चार्ट ही यातली सगळ्यात कमी कामाची वस्तू आहे. आणि ज्यावर जाहिरातीत अर्धी ओळसुद्धा नाही ते वाट्यांचे सराव, त्यांच्यासाठी मी परत पैसे मोजायला तयार आहे.

सुरुवात मिठापासून होते. भाज्या उकळून साधं पाणी करायचं, कांदा, गाजर, सेलरी जे असेल ते, मीठ अजिबात नाही, गाळून सहा वाट्यांत २००-२०० ग्रॅम ओतायचं. पहिली वाटी तशीच ठेवायची, मग दुसरीत अर्धा ग्रॅम मीठ, तिसरीत १, चौथीत दीड, पाचवीत २ आणि सहावीत ३. म्हणजे पाव टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंतची चढण. सगळ्या वाट्या सारख्याच कोमट हव्यात, कारण तापमान बदललं की चवही बदलते (वितळलेलं आइस्क्रीम अति गोड लागतं ना, तेच). मग एकेक घोट घ्यायचा, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरायची आणि काय लागतंय ते वर्कबुकच्या रकान्यात लिहायचं. 'छान', 'मस्त', 'बरं' हे शब्द लिहायला बंदी आहे, आणि ही बंदी मला फार आवडली, कारण त्याशिवाय आपल्याकडे चवीसाठी किती कमी शब्द आहेत ते कळतच नाही.

आता या वाट्यांत काय होतं बघा. पहिली म्हणजे नुसतं भाज्या धुतल्यासारखं पाणी. दुसरीत खारटपणा बिलकुल जाणवत नाही पण काहीतरी बदललेलं असतं, मागे एक हलकी कडवट छटा होती ती गेलेली असते. तिसरी आणि चौथीच्या मध्ये कुठेतरी गाजराचा गोडवा एकदम पुढे येतो, साखरेचा कणही न घालता. पाचवीत ते 'सूप' लागायला लागतं. सहावीत फक्त मीठ, बाकी सगळे गायब. म्हणजे मीठ खारट लागायच्या कितीतरी आधीपासून काम करत असतं, आणि हे मला कोणी शंभर वेळा सांगितलं असतं तरी पटलं नसतं, जिभेने एका बैठकीत पटवलं. त्यामागचं कारण कोर्समध्ये नीट सांगितलंय हे मान्य करायला हवं: १९९७ मध्ये ब्रेस्लिन आणि बोशॉं या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की मिठातलं सोडियम कडू चव दाबतं, आणि कडू दबलं की त्याच्याखाली दबलेला गोडवा आपोआप वर येतो. कडक काळ्या कॉफीत चिमटीच्याही चिमटीएवढं मीठ घालून बघा, तोच खेळ.

इथे एक प्रॅक्टिकल अडचण आहे जी कोर्सवाल्यांनी सांगितलीच नाहीये. सामान्य किचनचा वजनकाटा एक एक ग्रॅमनेच पुढे सरकतो, अर्धा ग्रॅम तो दाखवणारच नाही. ग्रुपवर बरेच जण इथेच अडकले होते आणि काहींनी तर नवीन काटे मागवले. काही गरज नाही त्याची. १० ग्रॅम मीठ ९० ग्रॅम पाण्यात विरघळवा, आता या पाण्याच्या ५ ग्रॅममध्ये बरोबर अर्धा ग्रॅम मीठ आहे. मग वाट्यांत अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि ३० ग्रॅम घाला आणि प्रत्येक वाटीत ३० ला जेवढं कमी पडेल तेवढं साधं पाणी घालून पातळपणा सारखा करा, पहिल्या वाटीत अर्थातच नुसतं ३० ग्रॅम पाणी. टक्केवारी जराशी खाली येते पण चढण तीच राहते. झालं काम.

वजनावर एवढा जोर का, तर बारीक मिठाचा एक सपाट टीस्पून साधारण ६ ग्रॅम भरतो आणि मोठ्या पोकळ कणांचं मीठ असेल तर तोच चमचा जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे 'एक चमचा मीठ' वाचून कोणाचा पदार्थ खारट होतो आणि कोणाचा अळणी, आणि दोघंही रेसिपी लिहिणाऱ्याला शिव्या घालतात.

मिठानंतर आंबट. इथे तेच पाणी, सगळ्या वाट्यांत सारखं मीठ, आणि एकेका वाटीत लिंबाचा रस, व्हिनेगर, दही, टोमॅटो. लिंबात सायट्रिक आम्ल, व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक, दह्यात लॅक्टिक, ही नावं शाळेत पाठ केली होती पण तोंडात त्यांचा आकार वेगवेगळा असतो हे कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. लिंबू चटकन येतं चटकन जातं, दही जिभेवर पसरून बसतं, व्हिनेगर तोंडात जायच्या आधी नाकात शिरतं कारण त्याचं आम्ल हवेत उडणारं आहे. म्हणूनच उकळलं की व्हिनेगरचा तिखट दर्प बराचसा निघून जातो. लिंबाचं आम्ल मात्र उकळून कुठे जात नाही, जातो तो त्याचा ताजा वास, आणि म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर. ही गोष्ट सगळे सांगतात, का ते कोणी सांगत नाही, इथे सांगितलंय.

आणि याच धड्यातली एक सवय माझ्या हाताला कायमची लागली. पदार्थ फिका वाटला की पातेल्यात हात घालायचा नाही, एका चमच्यात थोडा काढून घ्यायचा, त्यात लिंबाचा एक थेंब टाकून चाखायचा, दुसऱ्या चमच्यात मिठाचे दोन कण, तिसऱ्यात जराशी साखर. जो चमचा बरोबर लागेल ते पातेल्यात. बऱ्याचदा जिथे मी डोळे झाकून मीठ वाढवलं असतं तिथे आंबट हवं असतं, कारण थोडंसं आंबट पडलं की आहे तेच मीठ वाढल्यासारखं लागतं. चुकलं तर चमचाभर वाया, पातेलं शाबूत.

वासाचा धडा मात्र खरंच अप्रतिम आहे आणि तो बघूनच मी कोर्सला माफ करत गेले. नाक घट्ट दाबून धरायचं, डोळे मिटायचे आणि कोणीतरी तोंडात फळाचा तुकडा किंवा फळाच्या चवीची गोळी द्यायची. चावत राहा, गोड आहे, किंचित आंबट आहे, पण कसली आहे ते काही केल्या सांगता येत नाही. मग नाक सोडा. एका क्षणात स्ट्रॉबेरी! ज्याला आपण दिवसभर 'चव' म्हणतो त्यातलं बरंचसं घशाच्या मागच्या बाजूने नाकात पोचणारा वास असतो, जिभेकडे फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम, जुनं चीज, सोया सॉस यांतली ती तोंडभर चव) एवढंच खातं आहे. सर्दीत जेवण बेचव का लागतं याचं उत्तरही तेच. हे एकदा करून बघितलं की जोड्या जुळवणं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात बसतं, एक जिभेवरचा तोल आणि दुसरं नाकातली संगत, आणि आपण बहुतेक वेळा नाकात काहीतरी भर घालायला धावतो जेव्हा बिघाड जिभेवर असतो. मीठ कमी पडलेल्या सुपात कितीही हर्ब्स टाका.

शिवाय जिभेचा तो नकाशा, टोकाला गोड, मागे कडू, बाजूला आंबट, तो खोटा आहे हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या भागांत अगदी किरकोळ फरक मोजले होते, १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांनी ते आकडे ज्या पद्धतीने आलेखात मांडले त्यावरून लोकांनी 'इथे फक्त गोड, तिथे फक्त कडू' असा अर्थ काढला आणि तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. तिखट हे मात्र त्यांनी चवींच्या यादीत सहावी चव म्हणून घातलंय आणि ते चूक आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता-वेदना ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं, तो ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं, हे एवढं गाजलेलं असून कोर्स बनवणाऱ्यांनी स्लाइड बदलायचे कष्ट घेतले नाहीत. आणि याचा स्वयंपाकात उपयोग आहे हो, तिखट ही भाजल्याची जाणीव आहे म्हणून तर जेवण गरम असेल तर ते जास्त झोंबतं, आणि पाण्याने जात नाही, दुधाने जातं.

उमामीसाठी तीन वाट्या. एकीत टोमॅटोचं पाणी, एकीत सुक्या शिताके मशरूमचं पाणी, आणि तिसरीत दोन्ही अर्धं अर्धं. तिसरी वाटी गणिताने मधली लागायला हवी. लागत नाही, दोघांपेक्षा भारी लागते, तोंडात भरून राहते. किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं करून उमामी हे नाव दिलं, कोदामा यांनी १९१३ मध्ये सुक्या बोनिटो माशात इनोसिनेट शोधलं, आणि १९५० च्या दशकात कुनिनाका यांनी शिताकेतलं ग्वानिलेट दाखवलं आणि ग्लुटामेटला इनोसिनेट किंवा ग्वानिलेटची जोड मिळाली की परिणाम नुसती बेरीज न राहता कितीतरी पट वाढतो ही गोष्टही दाखवली. म्हणजे टोमॅटो आणि मशरूम ही जोडी कोणाच्या आवडीनिवडीवर उभी नाही, तिला ठोस कारण आहे, आणि एकदा कारण कळलं की तुम्ही दुसऱ्या पदार्थांत तीच जोडी स्वतः लावू शकता, म्हणजे एकाकडून ग्लुटामेट (टोमॅटो, जुनं चीज, सोया सॉस) आणि दुसऱ्याकडून मांस, मासे किंवा सुकं मशरूम. जाता जाता, टोमॅटोच्या बियांभोवतीचा तो बुळबुळीत भाग काढून टाकू नका, २००७ च्या एका अभ्यासात गरापेक्षा त्यातच ग्लुटामेट बरंच जास्त सापडलं होतं.

हे सगळं होईपर्यंत मी खूश होते. मग आला चार्ट.

चार्ट दिसायला देखणा आहे यात वाद नाही, भिंतीवर लावला तर पाहुणे विचारतील. मध्ये एक घटक, भोवती रंगीत वर्तुळात त्याच्याशी 'जुळणारे' घटक, जेवढी रेघ जाड तेवढी जोडी घट्ट. हे सगळं एका कल्पनेवर उभं आहे की ज्या दोन पदार्थांत वासाचे रेणू सारखे असतात ते एकत्र चांगले लागतात. कल्पना मुळात इंग्लंडमधले शेफ हेस्टन ब्लुमेंथल यांच्या व्हाइट चॉकलेट आणि कॅव्हिआर (माशाची खारवलेली अंडी) यांच्या जोडीपासून गाजली. त्यांना ही जोडी जमली, मग सुगंध उद्योगातले रसायनतज्ज्ञ फ्रांस्वा बेंझी यांनी दोघांतल्या सामाईक रेणूंचं कारण पुढे केलं आणि तिथून हे तत्त्व जगभर पसरलं. पुढे खुद्द ब्लुमेंथल यांनीच हे इतकं सरळसोट नाही म्हणून हात आखडता घेतला, पण तोपर्यंत चार्ट छापून झाले होते.

२०११ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये याची मोठी तपासणी आली, ३८१ घटक, त्यांतले १,०२१ वासाचे रेणू आणि ५६,४९८ पाककृती. निघालं काय, तर उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या पाककृतींत सामाईक रेणूंच्या जोड्या जास्त दिसतात, पूर्व आशियाच्या पाककृतींत नेमकं उलटं, तिथे अशा जोड्या टाळल्यासारख्या. आणि उत्तर अमेरिकेतला परिणामही बराचसा दूध, लोणी, अंडी, कोको, व्हॅनिला, क्रीम असल्या मोजक्या घटकांच्या जिवावर. २०१५ मध्ये जोधपूरच्या आयआयटीतल्या गटाने भारतीय पाककृती तपासल्या, तिथेही उलटाच कल निघाला आणि त्यात मोठा वाटा मसाल्यांचा. म्हणजे अर्धं जग ज्या नियमाच्या विरुद्ध स्वयंपाक करून पोटभर आणि चवीने जेवतंय तो नियम म्हणून विकायचा! कोर्समध्ये २०११ च्या अभ्यासाचा उल्लेख आहे, पण फक्त पहिल्या अर्ध्या वाक्याचा. पूर्व आशियाचं नावही नाही. हे अज्ञान नाही, ही सोय आहे, कारण पुढचं अर्धं वाक्य सांगितलं तर चार्ट कोण घेईल.

बरं, तत्त्व बाजूला ठेवू, वापरायला तरी? मी गाजराचं वर्तुळ घेऊन बसले. त्यात कॉफीकडे जाणारी रेघ चांगली जाड. कच्च्या गाजराच्या किसावर कॉफीची पूड भुरभुरवून खाल्ली, फेकून दिली. तेच गाजर तेल लावून ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाजलं आणि त्यावर तीच पूड, चिमूटभर, तर खरोखर जमून गेलं. कारण कच्च्या गाजराचा वास टर्पीन जातीच्या रेणूंचा, जरा पाइनसारखा, आणि भाजल्यावर मात्र त्यात तेच भाजके वास तयार होतात जे कॉफीचे दाणे भाजताना होतात. लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ती प्रक्रिया, जी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास जोर धरते आणि ओल्या पृष्ठभागावर होत नाही कारण पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या वर जातच नाही. चार्टमध्ये लिहिलंय फक्त 'गाजर'. कुठलं गाजर ते तुम्ही बघा.

लसणाचं तर विचारूच नका. आख्खी पाकळी मंद तेलात शिजवली तर गोड लोण्यासारखी, काप केले तर मधली, ठेचून कच्ची घातली तर जाळ. पेशी फुटल्या की अ‍ॅलिनेझ हे एन्झाइम अ‍ॅलीनचं अ‍ॅलिसिन करतं आणि तोच तो झणका, आणि उष्णतेने एन्झाइम मेलं की झणका तयारच होत नाही. एकाच धड्यात हे इतकं सुंदर दाखवलंय, चार वाट्यांत चार लसूण, आणि त्याच कोर्सच्या चार्टमध्ये लसणाचं एकच वर्तुळ. ज्याने धडा केला त्याने चार्ट बघितला नसावा.

मग पुदिना आणि कॅरवे (जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिया). दोघांत कार्व्होन हा रेणू म्हणून चार्टमध्ये दोघांना जाड रेघेने बांधलंय. पण हा रेणू दोन रूपांत असतो, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, आणि आपलं नाक दोघांना चक्क वेगळं ओळखतं. पुदिन्यात एक आहे, कॅरवेत आणि शेपूच्या बियांत दुसरं. ज्या यादीला हे माहीत नाही ती रेणूंच्या नावावर जोड्या लावतेय म्हणजे नुसतं कागदावर काम चाललंय. आणि सामाईक रेणू मोजायलाही अर्थ हवा ना, भाजलेल्या कॉफीत हजाराच्या आसपास उडणारे रेणू सापडलेत पण कॉफीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो त्यातल्या दोन-तीन डझनांमुळेच, बाकीचे इतके कमी की नाकाला पत्ताच लागत नाही. त्या उरलेल्या गर्दीतून मोजायला बसलात तर कशाचंही कशाशीही जुळेल. छत्तीस गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होईलच असं थोडंच आहे.

प्रमाण तर चार्टमध्ये कुठेच नाही. स्ट्रॉबेरी आणि मिरपूड जुळते म्हणे, जुळते की, पण किती? दाणा आत्ता भरडलेला की महिनाभर डबीत पडलेला? स्ट्रॉबेरीला आधी थोडी साखर लावून रस सुटू दिला की नाही? हेच तर शिकायचं होतं.

हेही तितकंच खरं की सगळ्यांची नाकं-जिभा एक नसतात. कोथिंबीर काही लोकांना साबणासारखी लागते आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडला गेलाय. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली तर शेजारच्याला तोंड कडू झाल्यासारखं वाटलं आणि त्यांना स्वतःला काहीच लागलं नाही, तिथून कळलं की कडू चव ओळखण्यात माणसामाणसांत जन्मजात फरक असतो. तेव्हा 'जगातल्या प्रत्येकाला आवडणाऱ्या जोड्या' असली जाहिरात करणाऱ्याने जरा बेतानं घ्यावं. लाइव्ह सेशनमध्ये एकीने हे विचारलं होतं, शिकवणारे हसले आणि म्हणाले की स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवा. मग चार्ट कशाला दिलात, असं चॅटमध्ये कोणीतरी लिहिलं, ते त्यांनी वाचलं नाही.

चार्टऐवजी वापरण्यासारखी गोष्ट कोर्सच्या अगदी शेवटच्या व्हिडिओत, जो निम्म्या लोकांनी उघडलाच नसेल, बारा मिनिटांत उरकलीय. भाजलेलं गाजर घ्यायचं, नुसतं मीठ लावलेलं, नखाएवढे तुकडे करायचे. समोर छोट्या ताटल्यांत लिंबू, दही, मध, भाजलेलं जिरं, कॉफी, पुदिना, संत्र्याची किसलेली साल, भाजलेले बदाम. एकेका तुकड्याला एकेक लावून खायचं आणि प्रत्येकासमोर लिहायचं की गाजराचं काय झालं, गोडवा वाढला का दबला, वास कुठे गेला, तोंड कोरडं पडलं का. दुसऱ्या फेरीत जे आवडले त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या. इथे कळतं की दही आणि जिरं दोघं एकेकटे ठीक होते पण एकत्र आल्यावर गाजर उठून दिसतं, कारण दह्याने गोडव्याला आंबट लगाम घातला आणि जिऱ्याने नाकाचं काम केलं. आणि मध, जो चार्टमध्ये गाजराचा जिगरी दोस्त आहे, तो गोडावर गोड चढवून दोघांनाही सपाट करून टाकतो, जोपर्यंत त्यात लिंबू पडत नाही. हा सराव बटाट्यावर करा, अंड्यावर करा, भातावर करा, दर वेळी वही जाड होत जाते आणि ती वही चार्टपेक्षा हजारपट कामाची, कारण त्यात तुमची जीभ आहे.

शंका आली की तिरंगी चाचणी घ्या असंही सांगितलंय, तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी, घरातल्या कोणीतरी क्रम बदलून द्यायच्या आणि वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतंच म्हणून चार-पाच वेळा घ्यायची. 'महागडं मीठ वेगळंच लागतं' म्हणणाऱ्या आमच्या घरातल्या तज्ज्ञांची बोलती बंद करायचा हा उत्तम मार्ग आहे, पदार्थात विरघळल्यावर त्यांना एकदाही धड सांगता आलं नाही. वरून भुरभुरवलेलं असेल तर सांगता येतं, कारण कण दाताखाली येतो, तो वेगळा मुद्दा.

बाकी किरकोळ. व्हिडिओ गरजेपेक्षा लांब आहेत, तेल ओतताना स्लो मोशन आणि मागे पियानो, दीडपट स्पीडवर बघा काही बिघडत नाही. सबटायटल्स मशीनने केलेली वाटतात. ग्रुपमध्ये शिकण्यापेक्षा फोटो जास्त. सर्टिफिकेट मिळतं, त्याचं काय करायचं मला माहीत नाही. वर्कबुक मात्र मेहनतीने केलेलं आहे, रकाने विचार करून पाडलेत, प्रत्येक सरावाला किती वाट्या, किती ग्रॅम, कोणत्या क्रमाने चाखायचं ते स्पष्ट.

कोणी घ्यावा? रोज स्वयंपाक करणाऱ्याने, ज्याला कांदा चिरता येतो, आच सांभाळता येते आणि तरी रोज तेच तेच लागतं म्हणून कंटाळा आलाय त्याने. अगदी नवशिक्याने नको, त्याला आधी दोन-चार पदार्थ हाताखालून जाऊ देत, नाहीतर वाट्या चाखून पोट भरेल आणि जेवण होणार नाही. ज्यांना रेसिप्या हव्यात त्यांनीही नको, कोर्सभर एकसुद्धा पूर्ण रेसिपी नाहीये आणि ते मला बरोबर वाटलं. मोठ्या पॅकमध्ये चार्ट छापून घरी येतो आणि छोट्या पॅकमध्ये नुसते व्हिडिओ आणि वर्कबुक, तर छोटा घ्या. आणि अ‍ॅक्सेस वर्षभराचाच आहे हे बारीक अक्षरात लिहिलंय, तेव्हा पैसे भरल्या भरल्या वर्कबुकची पीडीएफ उतरवून घ्या आणि शेवटचा बारा मिनिटांचा व्हिडिओ सगळ्यात आधी बघा.